नोकरी गेल्याचं घरी कसं सांगावं

नोकरी गेली की एक-दोन दिवसांत जोडीदाराला सांगा. ‘दुसरी मिळाली की मगच सांगू’ असं ठरवून रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडणारे बरेच असतात. आठवडाभर लपवलेलं घरचे समजून घेतात. तीन महिने लपवलेलं कळलं की सगळं बोलणं ‘आमच्यापासून का लपवलंस?’ यावरच अडतं, आणि पैशांचा हिशेब तसाच राहतो.

बोलायच्या आधी अर्धा तास काढून एक कागद तयार करा. शेवटचा पगार कधी जमा होणार, जुन्या नोकरीतून काय येणं बाकी आहे, आरोग्य विमा नोकरीमार्फत असेल तर तो कधी संपतो, आणि हाताशी शिल्लक किती, हे लिहा. त्याखाली महिन्याचा न टळणारा खर्च मांडा: घरभाडं, कर्जाचे हप्ते, किराणा, औषधं, शाळेची फी. शिल्लक भागिले हा खर्च, म्हणजे किती महिने निघतील ते कळतं. शिल्लक ३ लाख आणि खर्च ४० हजार असेल तर साडेसात महिने. अचानक निघणाऱ्या खर्चासाठी एक महिना वजा करा आणि घरी साडेसहाच सांगा.

वेळ अशी निवडा की पुढचा तासभर कुणाला कुठे जायचं नसेल. जेवताना किंवा झोपायच्या तोंडावर विषय काढू नका. रात्री ऐकलेली बातमी माणसाला पहाटेपर्यंत जागं ठेवते. सुरुवात सरळ करा: ‘माझी नोकरी गेली. शुक्रवार शेवटचा दिवस होता. आपल्याकडे साडेसहा महिने निघतील एवढी सोय आहे.’ एवढं बोलून थांबा. समोरची व्यक्ती रडेल, चिडेल किंवा गप्प बसेल. लगेच समजूत घालू नका, साहेबाच्या तक्रारीही लावू नका. प्रश्न आले की कागद पुढे ठेवा आणि कोणता खर्च थांबवायचा ते दोघांनी मिळून ठरवा. एकट्याने ठरवून आणलेली काटकसर घरात शिक्षेसारखी वाटते.

‘महिन्याभरात मिळेल’ असं वचन मात्र देऊ नका. तारीख उलटली की तुमच्या पुढच्या शब्दांवरचा विश्वासही कमी होतो. जे तुमच्या हातात आहे तेच कबूल करा: आठवड्याला किती अर्ज, किती जणांना फोन.

मुलांना त्याच आठवड्यात सांगा, कारण घरातला ताण त्यांना आधीच जाणवलेला असतो. लहान मुलांना तीन गोष्टी पुरतात: काम थांबलं आहे, यात तुझी काही चूक नाही, शाळा आणि घर आहे तसंच राहील. घर किंवा शाळा बदलण्याची शक्यता असेल तर तिसरी गोष्ट सांगूच नका. मोठ्या मुलांना खर्चाचा अंदाज द्या. ‘कुणाला बोलू नकोस’ हे ओझं मात्र कोणत्याच मुलावर टाकू नका. आईवडिलांना दोघांनी मिळून सांगा आणि नातेवाइकांना काय सांगायचं तेही तेव्हाच ठरवा, नाहीतर प्रत्येकाकडे वेगळी हकीकत पोचते.

यानंतर खरा त्रास होतो तो रोजच्या ‘काय झालं?’चा. विचारणाऱ्याला काळजी असते, ऐकणाऱ्याला तो जाब वाटतो. त्यावर आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी वीस मिनिटं बसणं हा चांगला उपाय आहे: काय केलं, काय उत्तर आलं, शिल्लक किती. उरलेले दिवस हा विषय कुणी काढायचा नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं तर तुम्हीच सांगायचं.

घरकामाची वाटणीही याच बैठकीत करा. ऑस्ट्रियातल्या मारियनथाल गावात गिरणी बंद पडल्यावर सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बेकार पुरुषांना दिवस कसा गेला हेही धड सांगता येत नव्हतं, रस्त्यावरची त्यांची चालसुद्धा मंदावली होती. मोकळा वेळ असा अंगावर येतो. म्हणून सकाळचे तीन-चार तास नोकरी शोधण्याचे, त्या वेळात घरच्यांनी काम सांगायचं नाही, आणि दुपारनंतरची ठरावीक कामं तुमची, असं लिहून भिंतीवर लावा.