मेशमधले शेजारी नोड शोधताना अंतर मोजू नका
फायनाइट एलिमेंट पद्धतीत गणितासाठी वस्तूचे छोटे तुकडे पाडतात: तुकडा म्हणजे एलिमेंट, त्याच्या कोपऱ्यांवरचे (कधी कडांच्या मध्यावरचेही) बिंदू म्हणजे नोड, आणि सगळं जाळं म्हणजे मेश. हे काम शिकत असताना मला प्रत्येक नोडवरच्या स्ट्रेसची (आतल्या ताणाची) त्याच्या शेजाऱ्यांबरोबर सरासरी काढायची होती. शेजारी म्हणून मी ठरावीक त्रिज्येत येणारे सगळे नोड घेतले. पत्र्यात एक बारीक फट होती. फटीच्या अलीकडचे आणि पलीकडचे नोड जवळजवळ होते, पण मध्ये धातूच नव्हता! दोन्ही बाजूंचे स्ट्रेस एकमेकांत मिसळले आणि मी दोन दिवस सूत्रातली चूक शोधत बसले.

शेजारी कोण ते कनेक्टिव्हिटी टेबल सांगतं, म्हणजे कोणत्या एलिमेंटला कोणते नोड आहेत ती यादी. कागदावर नऊ नोडची, चार चौकोनांची मेश काढा: (1,2,5,4), (2,3,6,5), (4,5,8,7), (5,6,9,8). नोड 5 चे शेजारी किती? एकाच एलिमेंटमधले सगळे धरले तर आठ. कडेने जोडलेलेच धरले तर चार: 2, 4, 6, 8. आपल्याला यातलं काय हवंय, हे कोड लिहिण्याआधी ठरवा. स्टिफनेस मॅट्रिक्सला (एक नोड हलला की कुठे किती बल येतं त्या तक्त्याला) आठही लागतात, कडांवरून चालणाऱ्या स्मूदिंगला (शेजाऱ्यांशी सरासरी काढून आकडे गुळगुळीत करण्याला) चारच. त्रिकोणात आणि टेट्रामध्ये (चार कोपऱ्यांच्या त्रिमितीय एलिमेंटमध्ये) हा प्रश्न येत नाही, कारण तिथे कोपऱ्यांची प्रत्येक जोडी कडच असते. नियमित हेक्सा (विटेसारख्या, आठ कोपऱ्यांच्या एलिमेंटच्या) मेशच्या आतल्या नोडला मात्र कडेचे 6 आणि एलिमेंटचे 26 शेजारी असतात, म्हणजे फरक केवढा पडतो बघा.

चौकोनात कडेचे शेजारी काढणं सोपं आहे: यादीत 5 च्या आधीचा आणि नंतरचा नोड घ्या, शेवटानंतर पुन्हा पहिला. प्रत्येक नोडसाठी सगळी मेश चाळू नका, लाखभर नोड झाले की कोड संपतच नाही. एलिमेंटांवरून एकदाच फिरा आणि प्रत्येक कडेची दोन्ही टोकं एकमेकांच्या सेटमध्ये टाका. पायथनमध्ये डिफॉल्टडिक्ट (नव्या नोडसाठी रिकामा सेट आपोआप बनवणारी डिक्शनरी) आणि सेट एवढ्यावर भागतं. दोन चौकोनांत सामाईक असलेली कड दोनदा येते, पण सेटमुळे ती एकदाच राहते.

जीमेश या मेश बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधले नोड क्रमांक सलग असतीलच असं नाही, म्हणून त्यांना थेट अ‍ॅरेचा इंडेक्स समजू नका. सहा नोडच्या त्रिकोणात मधले नोड यादीच्या शेवटी येतात, तिथे आधीचा-नंतरचा ही युक्ती चालत नाही. आणि दोन भाग जोडताना एकाच जागी दोन नोड राहिले असतील, तर दिसायला मेश अखंड पण शेजार तुटलेला. ते आधी मर्ज करा, म्हणजे दोनाचा एक करा, फक्त खऱ्या फटीवरचे नको.

कोड झाला की त्याच नऊ नोडच्या मेशवर चालवा. कोपऱ्याला 2, बाजूच्या मध्यावर 3, आत 4 शेजारी आले पाहिजेत. शिवाय 2 च्या यादीत 5 असेल, तर 5 च्या यादीत 2 हवाच.