‘अनुप्रास आढळतो’ इथेच थांबू नका : रोमँटिक कविता वाचताना होणाऱ्या चुका

इंग्रजी साहित्याच्या पेपरात रोमँटिक कवितेचं (म्हणजे प्रेमकवितेचं नव्हे, अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या काव्यप्रवाहातल्या कवितेचं) रसग्रहण आलं की एक वाक्य हमखास भेटतं : ‘अनुप्रासामुळे या ओळीला नादमाधुर्य येते.’ वाक्य खोटं नाही. पण ते कुठल्याही कवितेला चिकटवता येतं, म्हणूनच त्यातून हाती काही लागत नाही.

कोलरिजच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’मधली (१७९८) ओळ घ्या : ‘द फरो फॉलोड फ्री’, म्हणजे जहाजामागची पाण्यातली रेघ मोकळेपणाने पाठलाग करत आली. तीन ‘फ’ मोजले म्हणजे काम झालं असं नाही. इथे आवाज जहाजाला पुढे ढकलतोय. पण दोन कडव्यांनंतर वारा पडलेला असतो आणि ‘डे आफ्टर डे, डे आफ्टर डे’ ही ओळ जागची हलत नाही. जहाज चित्रातलं, समुद्रही चित्रातला, आणि ‘पेंटेड’ हा शब्दसुद्धा दोनदा. आवाज परत येणं दोन्हीकडे आहे, काम मात्र उलटं. तेव्हा ‘पुनरावृत्तीने गती येते’ असा नियम पाठ करून जाऊ नका.

त्या ‘फरो’च्या ओळीची एक गंमत आहे. पुढे कोलरिज स्वतः जहाजात बसला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की जहाजावरून बघताना पाण्यातली रेघ पाठलाग करत नाही, ओढ्यासारखी मागे वाहत जाते. पाठलाग दिसतो तो किनाऱ्यावरच्या माणसाला. म्हणून १८१७ मध्ये त्याने ‘स्ट्रीम्ड ऑफ फ्री’ असा बदल केला, आणि नंतर जुनीच ओळ परत आणली. डोळ्यांना पटलेलं कानाला पटलं नसावं, असा माझा अंदाज.

दुसरी चूक घाईची. शेवटचं कडवं पहिल्यासारखंच दिसलं की ‘तेच पुन्हा’ म्हणून आपण सोडून देतो. ब्लेकच्या ‘द टायगर’मध्ये (१७९४) याच घाईने घात होतो. पहिल्या कडव्यात ‘कुड फ्रेम’ आहे, शेवटच्यात ‘डेअर फ्रेम’. बाकी शब्द तेच. वाघाला घडवण्याची ताकद कोणाची, इथून सुरू झालेला प्रश्न हातोडा, भट्टी, ऐरण आणि कोकरू ओलांडून ‘धजावला तरी कोण’ इथे येतो. कधीकधी तर एक शब्दही बदलत नाही, फक्त बोलणारा बदलतो. कीट्सच्या ‘ला बेल दाम सां मेर्सी’त ‘अँड नो बर्ड्‌स सिंग’ हे आधी वाटसरू विचारताना म्हणतो, शेवटी तेच सरदार उत्तर देताना म्हणतो.

याच ओळीत आपल्याकडची आणखी एक चूक उघडी पडते. मात्रा आणि लघु-गुरूची सवय असल्याने आपण अक्षरं मोजतो. इंग्रजीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ऐकावा लागतो. आधीच्या ओळी चार आघातांच्या असतात आणि इथे ‘नो’, ‘बर्ड्‌स’, ‘सिंग’ असे तीन जड शब्द लागोपाठ येऊन ओळ मध्येच तुटते. ती मोठ्याने म्हणून बघा.

अनुप्रास स्पेलिंगवरून शोधू नका; ‘सरदार’ या अर्थाच्या ‘नाइट’मधला (knight) मूक ‘के’ कानाला ऐकू येत नाही. ‘व’चीही अडचण आहे. शेलीच्या ‘ओ वाइल्ड वेस्ट विंड’मध्ये ओठ गोल करून फुंकर मारल्यासारखा ‘व’ हवा. मराठीतला ‘व’ तसाच ठेवला तर तोंडातून निघणारा वारा हरवतो.

आणि पुनरावृत्तीला पाल्हाळ म्हणण्याआधी वर्ड्‌सवर्थने ‘द थॉर्न’ या कवितेवर लिहिलेली १८०० सालची टीप आठवा. त्याचं म्हणणं असं की भावना सांगताना भाषा अपुरी पडते, म्हणून मन त्याच शब्दाला धरून बसतं. दाखला म्हणून त्याने बायबलमधलं डेबोराचं गीत दिलं आहे.

एवढं करूनही नेमकं काय लिहावं सुचत नसेल तर शब्द बदलून बघा. कीट्सच्या ‘ओड टू अ नाइटिंगेल’चं (१८१९) सातवं कडवं ‘फरलॉर्न’वर (एकाकी, उजाड) संपतं आणि आठवं त्याच शब्दाने सुरू होतं. आधी तो दूरच्या परीदेशांचं वर्णन करत असतो, नंतर एकट्या पडलेल्या कवीचं. हा शब्द घंटेसारखा आहे, असं कवी स्वतःच म्हणतो. तिथे ‘लोनली’ घालून वाचा. घंटा वाजतच नाही.