‘मॅचमध्ये वापरलेली’ बॅट-जर्सी लिलावात घेताय? या चुका टाळा

आर्वीत माझं बॅट दुरुस्तीचं दुकान आहे. हँडल बदलणं, फुटलेला टो, म्हणजे पात्याचं खालचं टोक, चिकटवणं, दोरा गुंडाळणं, ग्रिप चढवणं, ही माझी कामं. कापूस घरात आला की गावोगावचे सामने लागतात आणि माझा हंगाम सुरू होतो. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागलंय. हातात बबल रॅपमध्ये गुंडाळलेलं काहीतरी असतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं: “काका, पाहा बरं, ओरिजनल हाये ना?”

पैसे देऊन झाल्यावर विचारतात. आधी कोणी विचारत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी तोंड न वाजवता हा कागदच हातात देता येईल.

आधी वस्तू बघणं, मग सामना

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी स्वतः केलेली आहे. त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

१२ मार्च २०११, नागपूरचं जामठा स्टेडियम, वर्ल्डकपमधला भारत-दक्षिण आफ्रिका सामना. आर्वीहून आम्ही चौघं क्रूझरने गेलो होतो. सचिनने १११ केल्या, त्याचं ते ९९वं आंतरराष्ट्रीय शतक. १ बाद २६७ वरून आपला संघ २९६ मध्ये गुंडाळला गेला, २९ धावांत नऊ विकेट. शेवटच्या षटकात सामनाही गेला. परतताना सेलूपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. पण सचिनचं शतक डोळ्यांनी पाहिलं होतं, ते कोण काढून घेणार?

२०१९ मध्ये एका ऑनलाइन लिलावात बॅट दिसली. ‘नागपूर १११, फक्त याच डावात वापरलेली.’ सोबत पत्र, चकचकीत होलोग्राम, सही. स्टिकर आदिदासचा, म्हणजे बरोबर. त्या काळात सचिनच्या बॅटवर आदिदासच असायचं. बनवणाऱ्याने तेवढा अभ्यास केला होता. आणि बॅटभर सुरेख लाल ठसे. मला भुलवलं ते त्या ठशांनी. वीस वर्षं बॅटी हाताळणारा माणूस मी, फोटो झूम करकरून ते ठसे बघत बसलो. ३८ हजारांना बोली लागली. सात क्विंटल तुरीचे पैसे. बायको म्हणाली, “एवढ्यात बोअरची मोटर आली असती.” मी म्हटलं, “तुले नाही कळत.”

बॅट घरी आली. ओसरीवर ठेवली, शेजारपाजार गोळा झाला. बाजूच्या घरचा सातवीतला पोरगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “काका, वन डे पांढऱ्या बॉलनं खेळतात ना? मंग हे लाल कायचं?”

पांढऱ्या चेंडूचा ठसा फिकट, मळकट असतो. रोज बघतो मी ते. आता कोणी म्हणेल, नेटमध्ये लाल चेंडू खेळला असेल. असेलही; खेळाडू एकाच बॅटने सराव करतात, कसोटीही खेळतात. पण पत्रातच लिहिलं होतं ना, फक्त याच डावात!

मग नीट बघायला बसलो, जे बोली लावायच्या आधी करायला हवं होतं. ठसे वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर, सगळे गोल. खऱ्या बॅटवर ठसे मिडलला दाटीवाटीने असतात, काही लांबट घासलेले, आणि दोन-चार तरी कडेला. चेंडू जोरात येतो आणि बॅट फिरत असते, मग ठसा असा शिक्का मारल्यासारखा गोल कसा उठेल? दुकानात मी एक जुना लेदर बॉल हातात धरून कोऱ्या बॅटवर ठोकून पाहिला. हुबेहूब तसेच ठसे. पाच मिनिटांचं काम.

बॅट किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली: ११४० ग्रॅम. सचिनची बॅट किती जड असायची ते अख्ख्या क्रिकेटला ठाऊक आहे, आणि ही तर आमच्या गावच्या ओपनरच्या बॅटीपेक्षा हलकी. ग्रिप वरच्या टोकाला झिजलेली. सचिन हँडल खाली, पात्याच्या जवळ धरायचा. झीज तिथे दिसायला हवी. शेवटी लाकडाचे ग्रेन, म्हणजे पात्यावरच्या उभ्या रेघा. टोपासून चार बोटं वर लाकडातलाच एक तपकिरी डाग होता. त्या डावाचे फोटो नेटवर ढिगाने आहेत, एकाही फोटोत तो डाग नाही. स्टिकर काढून दुसऱ्या बॅटवर लावता येतो, सही गिरवता येते, पण विलोच्या, म्हणजे बॅटच्या लाकडाच्या, रेघा कोणाच्या बापाला बदलता येत नाहीत.

परत करायला फोन केला. परतीची मुदत सात दिवस होती, माझा एकोणिसावा दिवस होता.

तेव्हापासून सवय अशी. वस्तूचे फोटो उघडायचेच नाहीत. आधी कागदावर लिहायचं: सामना कोणता, तारीख कोणती, चेंडूचा रंग कोणता, त्या दिवशी त्या खेळाडूने काय घातलं होतं, हातात काय होतं. मग त्या सामन्याचे मोठ्या आकाराचे फोटो शोधायचे. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो घेऊन येऊ नका, त्यात ग्रेनचा चिखल झालेला असतो. विकणाऱ्याकडून बॅटच्या समोरचा, पाठीचा आणि दोन्ही कडांचा फोटो मागायचा, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला. तो प्रिंट करून त्यावर बटर पेपर ठेवतो आणि रेघा पेन्सिलने गिरवतो. मग तो बटर पेपर सामन्याच्या फोटोवर. पोरं हसतात, म्हणतात मोबाईलमध्ये होते हे सगळं. होत असेल. गिरवताना डोळा जिथे थांबतो तिथे मोबाईल थांबत नाही. फोटो द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर बटर पेपरचाही खर्च वाचला.

पाठीवर नंबर असलेली कसोटीची जर्सी

जवळच्या गावातला एक पोरगा, नुकतंच लग्न झालेला. सासऱ्याला खूश करायचं म्हणून सचिनची कसोटीत घातलेली पांढरी जर्सी लिलावातून घेतली. काचेच्या फ्रेममध्ये बसवली. पाठीवर ठळक तेंडुलकर आणि १०.

मी म्हटलं, “लेका, सचिन रिटायर कधी झाला?”

“तेरामधे.”

“आन् कसोटीच्या जर्सीवर नाव-नंबर कधी आले?”

गप्प. ऑगस्ट २०१९ मध्ये आले. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या अॅशेस मालिकेपासून सुरुवात झाली, त्याच महिन्यात वेस्ट इंडिजमध्ये आपल्याही खेळाडूंच्या पाठीवर दिसले. सचिनचा शेवटचा सामना नोव्हेंबर २०१३ चा, वानखेडेवर. फ्रेम अजूनही सासऱ्याच्या बैठकीत आहे, फक्त आता पुढची बाजू दिसेल अशी फिरवून लावली आहे.

तारखेची ही चूक इतकी उघडी असते की मला चीड येते. भारताच्या जर्सीच्या छातीवरचं प्रायोजकाचं नावच बघा ना. सहारा २००१ पासून २०१३ पर्यंत, मग स्टार, २०१७ पासून ओप्पो, २०१९ पासून २०२३ पर्यंत बायजूज. कपडे बनवणारी कंपनी २००६ ते २०२० नायके. आणि वर्ल्डकपमध्ये छातीवर प्रायोजक नसतोच, देशाचं नाव असतं. ‘२०११ वर्ल्डकप फायनल’ म्हणून छातीवर मोठ्ठं सहारा लिहिलेली निळी जर्सी मी आजवर तीन जणांकडे पाहिली. तिघांनीही तो सामना टीव्हीवर अख्खा पाहिला होता!

अजून एक. ‘खेळाडूसाठी बनवलेली’ आणि ‘सामन्यात घातलेली’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खेळाडूला एका दौऱ्यासाठी बऱ्याच जर्सी मिळतात, काही अंगालाही लागत नाहीत. लिलावाच्या वर्णनात नेमका कोणता शब्द आहे ते बोटाने वाचा. आणि मातीचा डाग दिसला म्हणून हुरळू नका. एका जर्सीच्या कोपरावरचा डाग मी ओल्या बोटाने चोळला, वास घेतला. चहा होता.

होलोग्राम आणि सर्टिफिकेट

ज्या जिल्ह्यात दर जूनमध्ये बोगस बियाण्याची बोंब होते, तिथली माणसं होलोग्रामवर विश्वास कशी ठेवतात हे मला कळलेलं नाही. बोगस बीटीच्या पाकिटावरही चकचकीत छपाई असते. आपण काय करतो? पक्कं बिल घेतो, पिशवी टॅगला धक्का न लावता खालून फोडतो, चार दाणे ठेवून पीक निघेपर्यंत सगळं जपतो. इथेही तेच. लिलावाच्या पानाचा स्क्रीनशॉट, वर्णनाचा शब्दन् शब्द, बिल, पार्सलचा खोका, खोका उघडतानाचा व्हिडिओ. सर्टिफिकेट देणाराच विकणारा असेल तर तो कागद गल्ला पुसायला घ्या. मला कागद हवा तो हातोहात आलेल्या प्रवासाचा: खेळाडूने कोणाला दिली, त्याने कोणाला, कधी, आणि त्या माणसाशी बोलता येतं का.

छोट्या चुका, पटापट

चेंडू. भारतातली कसोटी एसजी कंपनीच्या चेंडूवर होते. २००८ च्या नागपूर कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणात १२ विकेट घेतल्या, त्यातल्या आठ पहिल्या डावात. ‘तो आठ विकेटचा चेंडू’ म्हणून आलेल्या चेंडूवर कूकाबुरा या दुसऱ्याच कंपनीचा शिक्का होता. विषय संपला.

घासलेला चेंडू. वापरलेला वाटावा म्हणून सिमेंटवर घासला की दोन्ही बाजू सारख्या खरवडतात आणि शिवणीचा दोरा नवाकोरा राहतो. सामन्यातल्या चेंडूची एक बाजू जपलेली असते.

बॅटची जाडी. १ ऑक्टोबर २०१७ पासून कड ४० मिलिमीटर आणि पातं ६७ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. त्यानंतरच्या सामन्याची बॅट असेल तर जाडी मोजायचा कॅलिपर लावा. दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो.

स्टंप. एका सामन्यात मैदानावर सहा असतात. २०११ च्या फायनलचा म्हणून दिवा लागणारा स्टंप कोणी दाखवला तर चहा पाजून रवाना करा, ते तेव्हा आलेच नव्हते.

सही. सहीने बॅट खरी ठरत नाही. खरी सही कोऱ्या दुकानी बॅटवरही असते.

किंमत. २०११ च्या फायनलमधली धोनीची बॅट त्याच वर्षी लंडनच्या धर्मादाय लिलावात १ लाख पौंडांना गेली. आणि मला सचिनची ३८ हजारांत मिळत होती. हे गणित मला तेव्हा का सुचलं नाही, ते अजून विचारू नका.

घाईत बोली

“काका, लवकर सांगा, दहा मिनटं राह्यले.” असे फोन मला रात्री साडेदहाला येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सोड. पोरांना राग येतो. त्यांना हो किंवा नाही ऐकायचं नसतं, फक्त हो ऐकायचं असतं. चार व्हिडिओ बघून जाणकार झालेल्यांशी मी आता वाद घालत नाही.

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, पण समोरचा हात तरी खरा असतो. ऑनलाइन लिलावात तुमच्यावर बोली चढवणारा कोण आहे ते दिसत नाही. मोठं नाव म्हणजे खात्री, असंही नाही. अमेरिकेत बिल मास्ट्रो हा या धंद्यातला बडा माणूस. बेसबॉल खेळाडू होनस वॅग्नरचं चित्र असलेलं जगप्रसिद्ध कार्ड नवं दिसावं म्हणून कडेने कापल्याचं आणि लिलावात खोट्या बोल्या लागल्याचं त्याने २०१३ साली कोर्टात कबूल केलं. २०१५ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली. म्हणून मी आकडा दुपारीच कागदावर लिहितो, कागद बायकोकडे देतो आणि रात्री तिला विचारल्याशिवाय एक रुपया वाढवत नाही. ती कधीच वाढवू देत नाही.

माझी ती बॅट अजून आहे. दोन वर्षं माळ्यावर पडून होती, मग गावच्या टीमला देऊन टाकली. लाकूड वाईट नव्हतं. हँडल एकदा मीच बदललंय, टोला दोरा गुंडाळलाय, आदिदासचा स्टिकर अर्धा गेलाय. लाल चेंडूचा प्रश्न विचारणारा तो पोरगा आता तिने ओपनिंगला जातो. परवा ग्रिप बदलायला घेऊन आला, तेव्हा जुन्या गोल ठशांवर मिडलला नवे लांबट ठसे दिसले, दोन कडेलाही.