चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीचा दोष शोधायला निघताना

जुनी पेट्रोल गाडी चालता चालता बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटांनी पहिल्याच सेल्फला सुरू होते, तेव्हा दोष ती बंद असतानाच सापडतो. घरी आणल्यावर सगळं ठीकच दिसतं. माझी गाडी रस्त्यात तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा स्पार्क टेस्टर, म्हणजे प्लगपर्यंत ठिणगी पोहोचते का ते दाखवणारं छोटं साधन, घरी कपाटात होता. मग अंदाजाने फिल्टर बदलला, प्लग बदलले, शेवटी चांगला चालणारा फ्युएल पंपही काढून टाकला. दोष यातल्या कशातच नव्हता. म्हणून सगळ्यात आधी स्पार्क टेस्टर गाडीत ठेवा. डिकीत सामानाखाली नको, पुढच्या कप्प्यात ठेवा.

तेल, कूलंट, टायर बघालच. टॉर्च, हातमोजे, धोक्याचा त्रिकोण घ्या. सोबत एक माणूस हवाच. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने टेस्टरकडे बघायचं, एकट्याने ते जमत नाही. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या वर ठेवा. टाकी रिकामी होत आली की पंप तापतो, वळणावर हवा ओढतो, आणि मग दोष कुठला ते कळेनासं होतं.

रस्त्यावर जायच्या आधी उभ्या गाडीत इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघा. पहिले दोन-तीन दाब नेहमीसारखे लागतात, नंतर पेडल दगडासारखं होतं. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम तेवढाच पुरतो. त्यामुळे चालत्या गाडीत इंजिन गेलं तर ब्रेक एकदाच नीट दाबून धरा, पुन्हा पुन्हा सोडू नका. स्टिअरिंग जड होईल, दोन्ही हातांनी ओढा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी मागे लॉकपर्यंत फिरवायची नाही म्हणजे नाही, स्टिअरिंग जाम होईल. ब्रेकची ही सवय सोबत्यालाही करून द्या. वर्दळीचा रस्ता टाळा, कडेला थांबायला जागा असलेला निवडा.

बॅटरीची वायर काढू नका. बऱ्याच गाड्यांत ती काढली की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले दोषांचे कोड पुसले जातात, आणि इंजिन बंद पडलं तेव्हाचा वेग, तापमान, आरपीएम यांची नोंद असेल तर तीही जाते. आधी ते कोड वाचणारा स्कॅनर लावून सगळं लिहून घ्या. मग मल्टिमीटर. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १४ हवी. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनला जोडणारी, उघडून घासा. अशी एखादी गंजलेली पट्टीसुद्धा हाच त्रास देते. इंजिन चालू ठेवून चावी हलकेच हलवा, रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) बोटाने ठोका, मोठे कनेक्टर एकेक करून हलवा. कुठे इंजिन अडखळलं तर जागा सापडली. हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच नंबरचा असेल तर अदलाबदल करून चालवा, याला काही खर्च नाही.

निघताना सोबत्याला मोबाईलवर डॅशबोर्डचं चित्रीकरण करायला सांगा. गिअरच्या गाडीत क्लच न दाबता गाडी गिअरमध्येच घरंगळत असेल तर चाकं इंजिनला फिरवत असतात. तरीही आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला, तर बहुधा फिरण्याचा सिग्नलच तुटलाय किंवा इग्निशनचा पुरवठा गेलाय. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, त्याआधी झटके बसले, तर संशय पेट्रोलवर. ऑटोमॅटिकमध्ये हा निकष चालत नाही. किती मिनिटांनी बंद पडली, एसी चालू होता का, चढ होता का, तेही लिहा.

बंद पडली की लगेच सेल्फ मारत बसू नका. मी तिन्ही वेळा तेच केलं. गाडी सुरू झाली आणि पुरावा गेला. आधी टेस्टर काढा. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र ठिणगीची कुठलीही चाचणी करायची नाही. वास नसेल तर एका प्लगची वायर किंवा कॉइल काढून टेस्टर लावा, त्याचा चिमटा इंजिनच्या धातूला. सोबत्याने तीन-चार सेकंदच सेल्फ मारायचा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. चौथ्या वेळी मी हे केलं तेव्हा टेस्टरच्या काचेत काहीच दिसलं नाही. सेल्फ जोरात फिरत होता आणि काच काळीच. पंपावर घातलेले पैसे वाया गेले ते त्या क्षणी कळलं.

स्पार्क नसेल तर क्रँक सेन्सर पहिला, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा. आतली बारीक तार तापली की तुटते, गार झाली की जुळते. त्याच्यावर गार पाणी जपून ओता. लगेच स्पार्क आला तर संशय जवळजवळ पक्का. दोन वायरींचा असेल तर गरम असतानाच रेझिस्टन्स मोजा. तीन वायरींचे बहुतेक हॉल प्रकारचे, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेले असतात, त्यांना ही मोजणी लागू नाही. स्पार्क असेल तर टाकीचं झाकण उघडा. हवा जोरात आत शिरली आणि गाडी सुरू झाली तर टाकीचा वेंट, म्हणजे हवा आत यायची वाट, तुंबलाय. नाहीतर चावी ऑन करून मागे पंपाचा दोन सेकंदांचा आवाज ऐका, मग प्रेशर गेज लावून पेट्रोलचा दाब बघा.

थांबताना, वेग कमी करतानाच बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि व्हॅक्यूमच्या नळ्या बघा.

पार्ट बदलल्यावर त्याच रस्त्याने, त्याच उन्हात चालवा. आधी चाळीस मिनिटांनी बंद पडत होती तर आता दीड तास चालवा. स्पार्क टेस्टर तेव्हाही पुढच्या कप्प्यातच असू द्या.