साठीनंतर कामात उत्साह हवा, तर तारखेचं काम मागून घ्या

रोजचं चालणं, साखर-बीपीची तपासणी, वेळेवर झोप हे तुम्ही करताच असं धरतो. भिजवलेले बदाम आणि ‘मन तरुण ठेवा’ हे सल्ले तुम्हाला घरबसल्या भरपूर मिळतात, त्यात मी भर घालत नाही. निवृत्तीनंतर मी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब बघतो आणि ओळखीच्या बऱ्याच निवृत्तांना अशाच कामांना लावून दिलंय. त्यातून पक्कं झालेलं मत एवढंच, की या वयात माणूस कामानं जेवढा थकतो, त्याहून जास्त नुसतं बसून थकतो.

आधी डोळे आणि कान

प्रोग्रेसिव्ह (दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसणाऱ्या) चष्म्यात जवळचं वाचायचा भाग खाली असतो. त्यातून स्क्रीन बघताना हनुवटी आपोआप वर जाते आणि संध्याकाळी मान धरते. मग लोक म्हणतात, ‘वय झालं.’ डॉक्टरांना तुमच्या स्क्रीनचं अंतर मोजून सांगा (बहुतेकांचं ५० ते ७० सेंटिमीटर असतं) आणि कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा करून घ्या. कानांचंही तसंच. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ निसटतात. मीटिंगमध्ये तुम्हाला नीट ऐकू आलेलं नसतं आणि समोरच्याला वाटतं, यांचं लक्ष नाही. एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. पंख्याखाली बसू नका, बोलणाऱ्याच्या समोर बसा.

दिवसाची मांडणी

डोक्याचं काम जेवणाआधी, फोन आणि सह्या जेवणानंतर. शेवटचा चहा चारला.

काम मागून घेणं

बहुतेक जण अडकतात ते इथे. मीही अडकलो होतो. निवृत्तीनंतर एका कंपनीनं मला ‘ज्येष्ठ सल्लागार’ म्हणून बोलावलं. टेबल, पंखा, वेळेवर चहा, सगळं होतं, काम नव्हतं. ‘तुमचा अनुभव आम्हाला हवाय’ असं सगळे म्हणायचे आणि अनुभव विचारायला कुणी यायचं नाही. दुपारी डुलकी, संध्याकाळी चिडचिड. घरच्यांना वाटलं, थायरॉइड तपासावं.

औषध निघालं ते जीएसटीचं. दुसऱ्या एका कारखान्यात मी मासिक रिटर्नचं काम अंगावर घेतलं. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याच्या कराचं विवरण). तारीख चुकली की व्याज किंवा दंड, आणि मालकाचा फोन. तो फोन येऊ शकतो या जाणिवेनं सकाळी जी जाग येते, ती कुठल्या टॉनिकनं येत नाही.

म्हणून काम स्वीकारताना तीन गोष्टी बघा. त्याला तारीख आहे का? ते करण्याचे अधिकार, म्हणजे लॉगिन, फायली, माणसं, तुमच्या हातात आहेत का? आणि पलीकडे कुणीतरी त्याची वाट बघतंय का? तिन्हींपैकी एकही नसेल तर ती जागा मानाची आहे, कामाची नाही. शिक्षक असाल तर ‘मार्गदर्शन’ नको, एका वर्गाचे पेपर मागा. इंजिनीअर असाल तर एका लाइनची देखभाल तुमच्या नावावर घ्या. मालकाला सरळ सांगा, ‘साहेब, सल्ला मी देईनच, पण दर महिन्याचं एक काम माझ्या नावावर टाका.’ मालक मुलाच्या वयाचा असला तरी ‘साहेब’च म्हणा. तो तुम्हाला काका म्हणाला तर म्हणू दे, मात्र काका म्हणून फुकट राबवायला लागला की उठा.

मोठ्यांची उदाहरणं द्यायची तर पूर्ण द्यावीत. ई. श्रीधरन १९९० मध्ये रेल्वेतून निवृत्त झाले आणि कोकण रेल्वेचे प्रमुख झाले, सल्लागार नव्हे. १९९८ मध्ये मार्ग पूर्ण सुरू झाला. पुढे २०११ अखेरपर्यंत ते दिल्ली मेट्रो सांभाळत होते, तेव्हा वय ७९. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आज राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी त्याच वयाला निरोपाचा नारळ घेतात.

आता दोन इशारे. अख्खा विभाग अंगावर घेऊ नका; एक काम, फार तर दोन. आणि कितीही आग्रह झाला तरी ‘नुसती सही हवीय’ म्हणून कंपनीच्या संचालकांत नाव घालू देऊ नका. कंपनीचा रोजचा व्यवहार तुम्हाला दिसत नाही, नोटीस मात्र तुमच्या नावानं घरी येते. ‘आपलाच माणूस आहे’ हे वाक्य ऐकलं की मी पेन खिशात ठेवतो.

नवं शिकणं

क्लास लावू नका. ऑफिसातल्या एखाद्या पोराला शेजारी बसवा, फाइल तुमचीच घ्या, आणि माउस तुमच्याच हातात ठेवा. तो ‘द्या इकडे, मी करतो’ म्हणणारच, देऊ नका. बदल्यात खोटं बिल कसं ओळखायचं ते त्याला दाखवा.

पैसे

घ्या. कमी घ्या, पण घ्या. फुकट माणसाची वेळ कुणी पाळत नाही.

सुट्टी

तारखेच्या कामाचा एक फायदा असा, की मोकळे दिवसही आधीच ठरलेले असतात. माझे २१ ते महिनाअखेर. लग्नं, नातवंडं, गावाकडची कामं, मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा त्यातच बसवायचं. तीन आठवड्यांहून मोठा प्रवास असेल तर कामाची पद्धत एका वहीत लिहून ऑफिसातल्या त्या पोराच्या हाती द्या आणि त्याच्याकडून एक महिना तुमच्यासमोर करून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये, हिशेबाचं वर्ष संपताना, मात्र तिकीट काढू नका.