भेंडीच्या ठशांतून स्पॅनिशची तोंडओळख

पाच ते सात वर्षांच्या मुलांना स्पॅनिश शिकवताना वही-पेन्सिल बाजूला ठेवून रंगांपासून सुरुवात करावी. घरी अहिराणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या खान्देशातील मुलांना एकाच वस्तूची दोन नावे असणे नवे नसते. तिसरे नावही ती सहज उचलतात, मात्र त्या नावावाचून त्यांचे काम अडले पाहिजे.

म्हणून रंगांच्या वाट्या शिक्षकाने स्वतःजवळ ठेवाव्यात आणि मुलाने ‘दामे एल रोहो’, म्हणजे ‘लाल दे’, असे म्हटल्यावरच वाटी पुढे करावी. आरंभी रोहो (लाल), असूल (निळा) आणि आमारियो (पिवळा) एवढेच रंग पुरतात. हिरवा रंग मुद्दामच देऊ नये. निळा आणि पिवळा एकमेकांत कालवून मुलाने तो स्वतः तयार केला की त्याच क्षणी ‘बेर्दे!’ म्हणावे, हा शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही. उच्चारांत त आणि द मराठीसारखेच दंत्य असल्याने ‘दोस’चा (दोन) ‘डोस’ होऊ देऊ नये. रोहोमधील र मात्र जीभ थरथरवून म्हणावा लागतो, आणि तो खेळ मुलांना फार आवडतो.

ठशांसाठी भेंडी उत्तम. ती आडवी कापून चिकटपणा फडक्याने नीट पुसावा, नाहीतर रंग कागदावर पसरतो. ओल्या स्पंजवर पोस्टर कलरचा पातळ थर देऊन त्यावर भेंडी टेकवावी आणि मग कागदावर दाबावी. उमटलेल्या फुलाचे कोपरे बहुधा पाच असतात, तेव्हा बोट ठेवत ‘उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको’ अशी मोजणी आपोआप होते. लाल ठसा ‘ला फ्लोर रोहा’, पिवळा ‘ला फ्लोर आमारिया’. रंगाचा शब्द नामानंतर येतो आणि रोहो, आमारियो यांसारखा ओकारान्त असेल तर लिंगानुसार बदलतो, हा नियम सांगत बसू नये. ‘पिवळा’चे ‘पिवळी’ करणाऱ्या मुलांना तो कानानेच कळतो.

पुढे केळे घ्यावे. स्पेनमध्ये ते ‘प्लातानो’, तर अर्जेंटिनात ‘बनाना’. यांपैकी एकच शब्द ठरवून तोच वापरावा. वांगे काढताना परदेशी चित्रपुस्तकातील जांभळे वांगे गिरवण्यापेक्षा जळगावचे भरिताचे हिरवट वांगे टोपलीतून समोर ठेवावे आणि ‘ला बेरेन्हेना बेर्दे’ म्हणावे.

एवढे रुळल्यावर 1893 साली बार्सिलोनात जन्मलेल्या जुआन मिरो यांची चित्रे दाखवावीत. जाड काळ्या रेषा आणि त्यांमधील लाल, निळे, पिवळे भाग पाहून मुले रंगांची नावे स्वतःहून घेऊ लागतात.

पालक वहीची मागणी करतातच. त्यांच्यासाठी प्रत्येक चित्रामागे तारीख आणि मुलाने त्या दिवशी न विचारता उच्चारलेले शब्द शिक्षकाने देवनागरीत लिहून द्यावेत.