लॅपटॉप अचानक चालूच होत नाहीये? दुकान गाठण्याआधी एवढं करून बघा

“लॅपटॉप चालू होत नाही” ही एक तक्रार वाटते, पण तिच्या पोटात निदान तीन वेगळ्या तक्रारी असतात. कुणाच्या लॅपटॉपवर बटण दाबल्यावर साधा दिवाही लागत नाही. कुणाचा पंखा फिरतो, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी ती काळीच. कुणाला कंपनीचा लोगो दिसतो आणि मग ते गोल चक्र फिरतच राहतं. तिसऱ्या प्रकारात लॅपटॉप चालू झालेला असतो, अडलेली असते ती विंडोज. तो विषय वेगळा. हा लेख पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे. तुमचा लॅपटॉप यातल्या कुठल्या प्रकारात मोडतो, हे ठरवण्यातच निम्मं निदान होतं.

त्याआधी : या दोन परिस्थितींत बटणाला हात लावू नका

लॅपटॉपवर चहा, पाणी सांडलं असेल किंवा बॅग पावसात भिजली असेल, तर “बघू तरी चालू होतोय का” हा मोह टाळा. आतल्या ओल्या बोर्डावर (मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर) वीज गेली की गंज वेगाने चढतो आणि शॉर्ट होऊन चिप उडू शकते. भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढा, लॅपटॉप चालू असेल तर पॉवर बटण दाबून धरून बंद करा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा आणि लॅपटॉप उघडा करून पालथा ठेवा. तांदळात पुरून ठेवण्याचा काही उपयोग नाही. पाणी बोर्डाच्या चिपांखाली असतं, तिथवर तांदूळ पोचत नाहीत. हेअर ड्रायरची गरम हवा पाणी आणखी आत ढकलते. चहात साखर आणि दूध असतं, म्हणून तो वाळल्यावरही नुकसान करत राहतो. असा लॅपटॉप वरून कोरडा दिसला तरी लवकरात लवकर उघडून साफ करून घ्यावा.

दुसरी परिस्थिती फुगलेल्या बॅटरीची. टचपॅड वर आलेलं, तळ फुगीर, टेबलावर ठेवला तर लॅपटॉप डुगडुगतो, झाकण नीट मिटत नाही. अशी बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका आणि टोचण्याचा तर विचारही नको. लिथियम-आयन बॅटरी पेटली की घरगुती उपायांनी आवरत नाही. फुगलेली बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता दुकानात किंवा ई-कचरा संकलनात द्या.

या दोन्हींपैकी काही नसेल, तर पुढे चला.

खोली शांत करा आणि बघा

घरातला पंखा, टीव्ही बंद करा. लॅपटॉपला जोडलेलं सगळं काढा : पेनड्राइव्ह, माऊसचा डाँगल, मेमरी कार्ड, प्रिंटरची केबल, डॉक. एखादं बिघडलेलं यूएसबी उपकरणसुद्धा लॅपटॉपला सुरू होऊ देत नाही. आता बटण दाबा आणि कान लावून ऐका. पंख्याची हलकी घरघर येते का? चार्जिंगचा दिवा आहे का? थोडं थांबून कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा दाबला की लागत आणि पुन्हा दाबला की विझत असेल, तर आतलं यंत्र बहुतेक जिवंत आहे, तुमचा प्रश्न स्क्रीनचा आहे. असं असेल तर पुढचे दोन भाग सोडून थेट स्क्रीनच्या भागाकडे जा.

आणखी एक आठवून बघा : आदल्या रात्री अपडेट चालू होतं का? विंडोज अपडेटमधून कधी कधी बायॉसचं (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामचं) अपडेटही येतं. त्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, पंखा जोरात फिरतो, लॅपटॉप एकदा-दोनदा आपोआप बंद-चालू होतो. अशा वेळी घाबरून बटण दाबून धरलं, तर चांगला लॅपटॉप खरोखर बंद पडू शकतो. चार्जर लावून अर्धा तास तसाच राहू द्या.

दिवा नाही, आवाज नाही : भिंतीपासून सुरुवात

बहुतेकांचा संशय आधी मदरबोर्डवर जातो. माझं म्हणणं, आधी सॉकेटवर जाऊ द्या. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर तो बाजूला ठेवून थेट भिंतीत लावा. मग अ‍ॅडॅप्टरच्या डबीत घुसणारी जाड केबल काढून घट्ट बसवा. ही जोडणी सैल पडते आणि वरून कळत नाही. ही केबल सुटी आणि स्वस्त मिळते, त्यामुळे तिच्यासाठी अख्खा चार्जर बदलायची गरज नसते.

डबीवर दिवा असेल तर त्याच्याकडे नीट बघा. भिंतीत लावल्यावर तो लागतो आणि पिन लॅपटॉपमध्ये घालताच विझतो? मग लॅपटॉपच्या आत, वीज शिरते त्या भागात शॉर्ट असण्याची दाट शक्यता आहे. चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आहे. पुन्हा पुन्हा पिन घालून बघू नका. हे काम कारागिराचं. दिवा लागतच नसेल तर संशय चार्जरवर. विजांच्या कडकडाटात किंवा लाइट गेल्या-आल्यानंतर लॅपटॉप बंद पडला असेल, तर बरेचदा चार्जरनेच तो फटका खाल्लेला असतो.

शेजाऱ्याचा चार्जर लावून बघताना दोन आकडे वाचा. डबीवर आउटपुटपुढे १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं (हा झाला ६५ वॉटचा चार्जर). व्होल्ट तुमच्याइतकेच हवेत. अँपिअर तितके किंवा जास्त असले तरी चालतात, कमी नकोत. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही. यूएसबी-सी चार्जरचं गणित निराळं : तिथे चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसांत बोलून व्होल्टेज ठरवतात. मोबाइलचा छोटा चार्जर ४५ किंवा ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला पुरत नाही, काही लॅपटॉप तर त्याला ओळखही देत नाहीत. दोन यूएसबी-सी पोर्ट असतील तर दुसऱ्यातही लावून बघा, कारण दोन्हींतून चार्जिंग होतंच असं नाही.

घरात मल्टिमीटर असेल तर गोल पिनचा चार्जर तपासता येतो. डीसी व्होल्टवर आणि २०० च्या रेंजवर ठेवा, लाल काडी पिनच्या आतल्या कडेला, काळी बाहेरच्या कडेला. डबीवरच्या आकड्याच्या आसपास स्थिर वाचन आलं तर चार्जर ठीक. डेल आणि एचपीच्या बऱ्याच पिनांत मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज देण्यासाठी नसून चार्जरची ओळख पटवण्यासाठी असते, काडी तिला टेकवू नका. डेलमध्ये ही सुई वाकली किंवा तिची तार तुटली, की लॅपटॉप चार्जरवर चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही. कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस चार्जर काढताच लॅपटॉप “अचानक” मरतो.

चार्जर चांगला आहे, पण पिन थोडी हलवली तरच दिवा लागतो? मग दोष लॅपटॉपच्या चार्जिंग जॅकचा. पुष्कळ मॉडेलांत हा जॅक छोट्या तारेसकट वेगळा निघतो आणि थोडक्यात बदलून होतो. फक्त रोज पिन वाकवून काम चालवत बसू नका, सैल जोडणीत ठिणग्या उडतात आणि बोर्डाचंही नुकसान होऊ शकतं.

लॅपटॉप कित्येक आठवडे कपाटात पडून असेल, तर बॅटरी पार रिकामी झालेली असते. चार्जर लावून अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा, मग बटण दाबा. नवा लॅपटॉप खोक्यातून काढल्यावर चालू होत नसेल, तर त्याला आधी चार्जर लावा. वाहतुकीसाठी बॅटरी झोपवलेली असते आणि चार्जर लागल्याशिवाय ती जागी होत नाही.

अडकलेली वीज सोडून देणं

लॅपटॉपचं पॉवर बटण हे पंख्याच्या बटणासारखं थेट वीज जोडत नाही. ते दारावरच्या बेलसारखं असतं : बेल वाजते, आतलं कुणीतरी ऐकतं आणि मग दार उघडतं. ते “आतलं कुणीतरी” म्हणजे बोर्डावरची एक छोटी कंट्रोलर चिप, जी लॅपटॉप बंद असतानाही जागी असते. बॅटरी, चार्जर, पंखा, झाकण यांचा हिशेब तिच्याकडे असतो. ती गोंधळून अडकली, की सगळं धडधाकट असूनही लॅपटॉप मेल्यासारखा वागतो.

उपाय सोपा : आत उरलेली वीज सोडून द्यायची, म्हणजे ती चिप नव्याने सुरू होते. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मनात आकडे मोजा, मध्येच सोडू नका. आता बॅटरी न लावता फक्त चार्जर जोडून चालू करा. बॅटरी आत बंदिस्त असेल तरी चार्जर काढून बटण तसंच दाबा. लेनोव्होच्या बऱ्याच थिंकपॅडच्या तळाला यासाठी एक बारीक भोक असतं. चार्जर काढून, सरळ केलेल्या पेपर क्लिपचं टोक त्यात हलकेच काही सेकंद दाबा आणि मग चार्जर जोडून चालू करा.

बॅटरी काढून, फक्त चार्जरवर लॅपटॉप चालू झाला आणि बॅटरी परत लावल्यावर पुन्हा अडला, तर दोषी बॅटरी. हा निकाल फुकटात लागतो, म्हणून हा प्रयोग गाळू नका.

दिवे आहेत, पंखा आहे, चित्र नाही

आधी ब्राइटनेस वाढवणारी की दाबा. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार की एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र पाठवणारा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो. त्यानंतर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसट चित्र दिसलं तर स्क्रीन चित्र काढते आहे, मागचा प्रकाश गेला आहे. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं, तर दोष स्क्रीन किंवा तिच्या केबलमध्ये आहे, आणि तुमच्या फायली सुखरूप आहेत. आजच कॉपी करून घ्या.

मजेशीर पण खरं कारण : झाकण मिटल्याचं लॅपटॉपला एका चुंबकाने कळतं. तळहाताजवळ चुंबकाचा पट्टा असलेलं घड्याळ किंवा शेजारी चुंबकाचं मोबाइल कव्हर असेल, तर झाकण बंद झालं समजून लॅपटॉप झोपी जातो.

टीव्हीवरही काही नाही, मग दिव्यांची भाषा वाचा. डेलचा दिवा दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा लुकलुकत असेल, तर त्याला रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) सापडत नाहीये. एचपीत कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. आकडा लिहून ठेवा आणि कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचा अर्थ बघा. बऱ्याच नव्या डेलमध्ये चार्जर जोडून एम की दाबून धरत पॉवर बटण दाबलं, की बोर्ड स्वतःची तपासणी करतो. बॅटरीचा दिवा पिवळा स्थिर राहिला तर बोर्ड खराब. एमऐवजी डी की धरली तर स्क्रीनवर एकामागून एक रंग येतात. ते नीट दिसले तर स्क्रीन चांगली. एचपीत बायॉस बिघडल्याचा संशय असेल, तर विंडोज आणि बी या की धरून पॉवर बटण दोन-तीन सेकंद दाबा, बटण सोडा, की मात्र तशाच धरून ठेवा.

रॅमचा संशय असेल आणि स्क्रू उघडायचा सराव असेल, तरच मागचं झाकण काढा. वॉरंटी आधी बघा. बॅटरीचं कनेक्टर सोडवल्याशिवाय आत कशालाही हात लावायचा नाही. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलके पुसा, कण झटका, तिरकी घालून टक आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. कोकणासारख्या दमट हवेत एवढ्यानेच चालू झालेले लॅपटॉप पुष्कळ. रॅम काढ-घाल केल्यावर पहिल्यांदा चालू व्हायला काही मिनिटंही लागू शकतात, तेवढा धीर धरा. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाग दिलेली असते. तिथे हा मार्ग नाही.

आता दुकान

इथवर येऊनही लॅपटॉप ढिम्म असेल, तर तुम्ही काय काय केलं आणि दिवे कसे लागतात हे कागदावर लिहून न्या. वॉरंटी असेल तर अधिकृत सेवा केंद्र. पाणी सांडल्याचं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचा वेगळा करार लागतो. वॉरंटी संपली असेल तर चिप लेव्हल काम करणारा, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला भागच बदलणारा कारागीर शोधा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे, पण दुकान चांगलं की वाईट हे गल्लीवरून ठरत नाही. “बोर्ड गेला, नवाच टाकावा लागेल” असं दोन मिनिटांत सांगणाऱ्यापेक्षा मीटर लावून “इथे शॉर्ट आहे” असं दाखवणाऱ्यावर माझा भरवसा जास्त. पुष्कळदा बिघाड एखाद्या कपॅसिटरचा किंवा चार्जिंगच्या आयसीचा असतो. सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, जुना भाग परत मागा.

पासवर्ड मागितला तर विचारा, कशाला? जो लॅपटॉप सुरूच होत नाही, त्याच्या बोर्डाच्या दुरुस्तीला विंडोजचा पासवर्ड लागत नाही. डेटा महत्त्वाचा असेल आणि एसएसडी (फायली साठवणारी ड्राइव्ह) सुटी निघत असेल, तर ती काढून घरी ठेवूनच लॅपटॉप द्या. बाहेरच्या केसमध्ये घालून ती दुसऱ्या संगणकाला जोडली, की फायली दिसतात. मात्र ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं फायली कुलूपबंद करणारं संरक्षण) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. नव्या बोर्डवर ती एसएसडी बसवली तरी हीच की लागू शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून लॉगइन करून ती आजच उतरवून घ्या, आणि खातं ऑफिसचं असेल तर आयटी विभागाला मागा.